कळीचा दगड

गाडी घाटात शिरली की डब्यातली मुलं बोगदे मोजायला लागतात, मोठी माणसं बोलता बोलता मिनिटभर गप्प होतात आणि मग पुन्हा उजेड येतो. त्या मिनिटभरात डोक्यावरचं छत कोणी धरून ठेवलंय, हा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही. विचारलाच, तर उत्तर ठरलेलं: सिमेंटनं, नाहीतर लोखंडी कमानींनी.

हे उत्तर फार तर चार आणे खरं आहे. बोगद्यावर दोनशे मीटर उंचीचा डोंगर उभा असेल, तर दर चौरस मीटरवर पाचशे टनांहून जास्त ओझं येतं. एवढं ओझं एकट्यानं पेलेल असं अस्तर बांधायचं म्हटलं, तर बोगद्यात गाडी जायला जागाच उरणार नाही! बोगद्याचं छत बहुतेक करून खुद्द खडकच धरून ठेवतो. माणूस त्याला फक्त हात देतो. तो हात नेमका कुठे, किती आणि कधी द्यायचा, या तीन प्रश्नांभोवती एक अख्खं शास्त्र उभं राहिलंय. गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांत त्या शास्त्राच्या मदतीला कॉम्प्युटर आला.

मुळात खडक अखंड नसतो, इथूनच भानगड सुरू होते. लाव्हारस थंड होताना आकसतो, त्याला भेगा पडतात. जमीन दुमडते, उचलली जाते, त्या ओढाताणीत आणखी भेगा पडतात. लांबून एकसंध दिसणारा कडा जवळ जाऊन पाहिला तर चिऱ्यांच्या भिंतीसारखा दिसतो. कोकणात वाडीभोवती गडगा घालतात ना, चुना नाही, सिमेंट नाही, नुसते दगडावर दगड रचलेले, तसाच. गडगा वर्षानुवर्षं उभा राहतो, कारण दगड एकमेकांत अडकलेले असतात आणि घासून धरलेले असतात. पण त्याच गडग्याच्या खालच्या अंगाचा एखादा धोंडा काढून बघा. कधी काहीच होत नाही. कधी मात्र वरचे चार दगड लगेच खाली येतात.

बोगदा खणणं म्हणजे नेमकं हेच. डोंगराच्या रचलेल्या गडग्यातून मधलेच दगड काढून घ्यायचे आणि वरचे पडू नयेत अशी व्यवस्था करायची.

कमानीच्या माथ्यावरच्या दगडाला आपल्याकडे कळीचा दगड म्हणतात. तो निसटला तर कमान गेली. भेगाळलेल्या खडकातही असे कळीचे दगड असतात, फक्त ते कोणा गवंड्यानं बसवलेले नसतात, शोधावे लागतात. गेन-ह्वा शी या चिनी अभियंत्यानं हे शोधण्याचं भूमितीचं तंत्र बसवलं आणि १९८५ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कलेचे प्राध्यापक रिचर्ड गुडमन यांच्याबरोबर त्यावर पुस्तक लिहिलं. त्यातली कल्पना कोणालाही कळेल अशी आहे. छतातला एखादा दगड पाचरीसारखा असतो. त्याचं निमुळतं टोक खाली आणि रुंद बाजू वर असेल, तर तो अडकून बसतो. उलट असेल, म्हणजे रुंद बाजू बोगद्याकडे, तर त्याला खाली यायला वाट मोकळी. असा एक दगड सुटला की शेजारच्याला जागा मिळते, मग त्याच्या शेजारच्याला. तेव्हा सगळं छत सांभाळत बसू नका, पहिला सुटणारा दगड सांभाळा, बाकीचे आपोआप जागेवर राहतील!

पण दगड शेकड्यांनी असले, ते एकमेकांना ढकलत असले, भेगांत पाणी असलं, तर नुसत्या भूमितीनं भागत नाही. तिथे हिशेब करावा लागतो. आणि तो हिशेब माणसाच्या आवाक्यातला नाही.

सुरुवातीला कॉम्प्युटरवर जी गणितं झाली, त्यांत खडक हा एकजिनसी पदार्थ धरलेला असे, खरवसाच्या वडीसारखा. वडीला भोक पाडलं तर कडा किती दबेल, हे ते गणित छान सांगायचं. पण वडीतून पाचर निखळून पडत नाही. १९६८ साली गुडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या गणितात भेगांना जागा करून दिली. मोजक्या भेगा असतील तोवर हे ठीक होतं. सगळा डोंगरच तुकड्यांचा असला आणि तुकडे सरकत, फिरत, एकमेकांपासून सुटत असले तर काय?

याचं उत्तर लंडनच्या इंपीरियल कॉलेजात पीएच.डी. करणाऱ्या पीटर कंडॉल नावाच्या तरुणानं दिलं. १९७१ साली फ्रान्समधल्या नान्सी शहरात खडकशास्त्रज्ञांची परिषद भरली होती, तिथे त्यानं आपला निबंध मांडला. त्याची युक्ती कॅरम खेळलेल्या कोणालाही पटेल. फोडायच्या आधी सोंगट्या बोर्डाच्या मधोमध एकमेकींना चिकटून मांडलेल्या असतात. स्ट्रायकर मारल्यावर कोणती सोंगटी कुठे जाईल, हे एका सूत्रात सांगता येत नाही. पण प्रत्येक सोंगटीकडे वेगळं पाहिलं तर? ती कोणाकोणाला टेकली आहे, तिथे किती दाब आहे, त्या दाबानं ती या क्षणी किती सरकेल? एवढं काढायचं, सगळ्या सोंगट्यांना तेवढं सरकवायचं आणि मग पुन्हा पहिल्यापासून विचारायचं: आता कोण कोणाला टेकलंय? क्षण अगदी छोटा घ्यायचा, सेकंदाचा बारीकसा अंश, आणि हेच हजारो, लाखो वेळा करत राहायचं. कंडॉलच्या गणितात सोंगट्यांऐवजी खडकाचे ठोकळे होते. नियम न्यूटनचेच, शाळेत शिकवतात तेच. कंटाळा न करता तेच तेच लाखो वेळा करणारा गडी मात्र हवा होता, आणि तो कॉम्प्युटरच्या रूपानं नुकताच मिळाला होता.

कंडॉलनं याचाच पुढे १९८० मध्ये ‘यूडेक’ नावाचा प्रोग्रॅम केला. मग तिन्ही मितींत चालणारा ‘थ्रीडेक’ आला. गंमत म्हणजे हीच युक्ती नंतर वाळूच्या कणांना, कोठारातल्या धान्याला, औषधाच्या कारखान्यातल्या गोळ्यांनाही लागू पडली. गिरणीच्या नरसाळ्यात धान्य का अडकतं आणि डोंगराचं छत का पडतं, या दोन्ही प्रश्नांना एकाच घराण्याचं गणित!

गणित झालं, पण त्यात घालायचं काय? इथे कॉम्प्युटर हात वर करतो. डोंगराच्या पोटात काय आहे, ते त्याला कोणीतरी सांगावं लागतं. म्हणून बोअर घेतात. जमिनीतून खडकाचे लांब गोल दांडके काढून खोक्यांत ओळीनं मांडून ठेवतात, सोललेल्या उसाच्या कांड्यांसारखे. त्यांतले दहा सेंटिमीटरपेक्षा लांब तुकडे किती, हे मोजून खडकाला शेकडा गुण देतात. ९० मिळाले तर खडक हुशार, २५ च्या आत मिळाले तर नापास. नॉर्वेतल्या निक बार्टन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९७४ साली त्यात आणखी पाच गोष्टी घातल्या: भेगांचे किती संच आहेत, त्या खरखरीत आहेत की गुळगुळीत, आत माती भरली आहे का, पाणी किती, दाब किती. या सहांवरून खडकाचा एक आकडा काढतात. तो अगदी वाईट खडकाला ०.००१ येतो, तर उत्तम खडकाला १,००० पर्यंत जातो. कोणत्या आकड्याला किती आधार द्यायचा, याचा तक्ताही त्यांनी दिला. आजही जगभर बोगद्यांत हा तक्ता वापरतात.

भेगेचा खरखरीतपणा कसा मोजतात, हे तर पाहण्यासारखं आहे. भेग पडलेला दगड घ्यायचा, त्याची वरची फाळ खालच्या फाळीवर जशीच्या तशी बसवायची आणि दोन्ही मिळून हळूहळू तिरपं करत जायचं. कोणत्या कोनाला वरची फाळ घसरते ते बघायचं. बार्टन आणि चौबे या जोडीनं शंभराहून जास्त नमुने तपासून १९७७ साली भेगांच्या दहा रेघांचा नमुनातक्ता छापला. पहिली रेघ जवळजवळ सरळ, दहावी करवतीच्या दात्यांसारखी. अभियंता बोगद्यात भेगेवर कंगव्यासारखं उपकरण टेकवतो, तिचा आकार उतरवून घेतो आणि तक्त्याशी ताडून पाहतो. कोट्यवधी रुपयांच्या प्रकल्पाचं गणित शेवटी त्या दहा रेघांपैकी एका रेघेवर येऊन टेकतं.

आता आधाराचं. आधार म्हणजे मुख्यतः रॉक बोल्ट, खडकात भोक पाडून आत घट्ट बसवलेल्या चार-सहा मीटर लांबीच्या सळ्या. त्याच्या जोडीला शॉटक्रीट, म्हणजे दाबानं फवारलेलं काँक्रीट. एवढाल्या डोंगरापुढे या सळ्या म्हणजे टाचण्याच वाटतात. ऑस्ट्रेलियात १९५० च्या दशकात स्नोई माउंटन्स या प्रचंड जलविद्युत प्रकल्पावर काम करणाऱ्या टॉम लँग नावाच्या अभियंत्यानं या शंकेचं उत्तर बादलीनं दिलं. त्यानं बादलीत खडी भरली, त्यात छोटे बोल्ट चकत्या लावून आवळले आणि बादली उपडी केली. खडी पडली नाही! ना सिमेंट, ना डिंक. बोल्टनं खडे एकमेकांवर दाबले गेले आणि सुट्या खड्यांचा एक जाड थर तयार झाला. डोंगरातही बोल्ट वजन टांगून धरत नाही, तो दगडांना एकमेकांना धरायला लावतो.

मॉडेलचा खरा उपयोग इथे होतो. बोल्ट चार मीटरचे घेतले तर काय, सहाचे घेतले तर काय? दीड मीटरवर एक की दोन मीटरवर एक? आधी वरचा अर्धा भाग खणून घ्यावा का? प्रत्यक्षात यांतलं एकच करून पाहता येतं. कॉम्प्युटरमध्ये तोच डोंगर वीस वेळा खणता येतो आणि वीस वेळा पाडता येतो. तिथे कोणी दबून मरत नाही.

याचं जगप्रसिद्ध उदाहरण नॉर्वेतलं आहे. १९९४ च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी यॉविक या गावात आइस हॉकीचं स्टेडियम चक्क डोंगराच्या पोटात खणलं. ६२ मीटर रुंद, ९१ मीटर लांब, सुमारे २५ मीटर उंच, मध्ये एकही खांब नाही आणि पाच हजारांवर प्रेक्षकांची सोय. डोक्यावर खडकाची जाडी अवघी २५ ते ५० मीटर. खडक काही फार अखंड नव्हता, चांगलाच भेगाळलेला. लोकांनी भुवया उंचावल्या असतील तर नवल नाही. बार्टन यांच्या गटानं यूडेकवर आधीच गणित करून सांगितलं होतं की छत एक सेंटिमीटरही खाली येणार नाही. खोदाई झाल्यावर मोजलं, तर छत ७-८ मिलिमीटर दबलं होतं. आधार काय, तर सहा मीटरचे बोल्ट, बारा मीटरचे तारांचे दोर आणि दहा सेंटिमीटर शॉटक्रीट. यात खरी करामत निसर्गाची होती. तिथल्या खडकात आडवा दाब भरपूर आहे. कपाटातली दहा पुस्तकं दोन्ही बाजूंनी दाबून उचलली तर मधली पडत नाहीत, तसंच हे. मॉडेलनं तो दाब ओळखून हिशेबात धरला, हे त्याचं श्रेय.

नॉर्वेचा तो खडक म्हातारा आणि मुरलेला. आपला हिमालय तरुण, अजून वर येतोय. त्याच्या पोटात नुसत्या भेगा नाहीत, कुठे कुठे खडक दळून पीठ झालाय. तिथे ठोकळेच उरत नाहीत, तर ठोकळ्यांचं गणित कोणाचं करायचं? हिमाचलातल्या नाथपा झाक्री प्रकल्पाचा २७.४ किलोमीटरचा पाण्याचा बोगदा खणताना असा चुरा तर लागलाच, शिवाय आत गरम पाण्याचे झरे फुटले. भूतानच्या टाला प्रकल्पात जमिनीखालच्या वीजघराच्या भिंतींतले रॉक बोल्ट तुटायला लागले. तेव्हा आपल्या राष्ट्रीय शिलायांत्रिकी संस्थेनं थ्रीडेकवर त्या गुहेचं मॉडेल करून कारण शोधायचा प्रयत्न केला. ही संस्था १९८८ साली कोलारच्या सोन्याच्या खाणीपाशी निघाली, आणि जागा अगदी योग्य होती. तीन किलोमीटरहून खोल गेलेल्या त्या खाणीत खडक अचानक स्फोटासारखा फुटायचा. दाबाखालचा दगड काय करतो, हे तिथल्या माणसांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

खाणीतली जुनी माणसं म्हणतात, दगड बोलतो. म्हणजे पडण्याआधी करकरतो, तडकतो. ऐकणाऱ्याचे कान शाबूत हवेत.

१२ नोव्हेंबर २०२३ ला, दिवाळीच्या पहाटे, उत्तराखंडात सिल्क्यारा इथल्या बांधकाम चालू असलेल्या बोगद्याचा एक भाग खचला आणि ४१ कामगार आत अडकले. झारखंड, बिहार, ओडिशा, उत्तर प्रदेश अशा ठिकठिकाणची ही माणसं. पुढचे सतरा दिवस सगळा देश जो ढिगारा टीव्हीवर बघत होता, तो म्हणजे भेगाळलेल्या खडकाचं गणितच होतं, फक्त खरंखुरं. सुमारे साठ मीटर राडारोडा, त्यात दगड, मुरलेलं शॉटक्रीट आणि वाकलेलं लोखंड. इथे ढकललं तर तिकडे काय सरकेल, कोणालाच नक्की सांगता येईना. १७ नोव्हेंबरला पाइप आत सरकवताना कडाड असा मोठा आवाज झाला आणि काम थांबवावं लागलं. दगड बोलला होता, त्याचं ऐकणं भाग होतं. पुढे यंत्राचा गिरमिट लोखंडात अडकून मोडला. शेवटचे दहा-बारा मीटर हातानं, फावड्या-कुदळीनं खणले ते कोळशाच्या अरुंद बिळांत काम करणाऱ्या मजुरांनी. २८ नोव्हेंबरच्या संध्याकाळी सगळेच्या सगळे ४१ जण बाहेर आले.

त्या दिवसांत बऱ्याच जणांनी एक प्रश्न विचारला. चंद्रावर यान उतरवणाऱ्या देशाला डोंगर कधी पडेल हे आधी कळू नये? प्रश्न रास्त वाटतो, पण चंद्राचा मार्ग डोंगराच्या पोटापेक्षा पुष्कळ सोपा आहे. यान जिथून जातं ती पोकळी आपल्याला माहीत असते. डोंगराचं मात्र दर शंभर-दोनशे मीटरवर एखादं बोअर घेतलं, तरी मधल्या भागाबद्दल अंदाजच करावा लागतो. खुद्द कंडॉल यांनी १९८८ साली अँथनी स्टारफिल्ड या प्राध्यापकांबरोबर एक निबंध लिहिला. त्यात मॉडेल करणाऱ्यांनाच चार गोष्टी ऐकवल्या आहेत. खडकाबद्दलची माहिती कायम तुटपुंजीच राहणार. तेव्हा मोठंच्या मोठं मॉडेल करून त्यात सगळा डोंगर कोंबू नका, साधं मॉडेल करा. त्याच्याकडून आकडा मागू नका, विचार करायला मदत मागा. ज्यानं हे यंत्र घडवलं, तोच त्याच्या मर्यादा सांगतोय!

तरी मोह सुटत नाही. मॉडेलमधून निघणारी चित्रं असतात मोठी देखणी. लाल म्हणजे जास्त ताण, निळा म्हणजे कमी, मध्ये हिरवे-पिवळे पट्टे. मीटिंगमध्ये पडद्यावर असं चित्र आलं की वाद थांबतात. त्या चित्रात निळ्या दिसणाऱ्या जागी एक बोल्ट कमी केला तर पैसे वाचतात, हे लगेच ध्यानात येतं. तो निळा रंग ज्या आकड्यावरून आला, तो कोणी, कुठल्या खोक्यातला कोणता दांडका मोजून काढला होता, हे विचारणारा एखादाच निघतो. त्या एखाद्याला मीटिंगमध्ये कटकट्या समजतात. बोगद्याच्या तोंडाशी हेल्मेट घालून उभा असलेला गडी मात्र त्याच कटकट्याच्या भरवशावर असतो.

म्हणून चांगल्या कामावर मॉडेल करून फाइलला लावून टाकत नाहीत. सुरुंग उडाला, धूर गेला, सुटे दगड काढून झाले की भूगर्भशास्त्रज्ञ उघड्या खडकासमोर जातो. हातात हातोडी आणि होकायंत्र, वेळ थोडाच, कारण मागे शॉटक्रीटवाले खोळंबलेले असतात. भेगा कुठे चालल्यात ते तो कागदावर उतरवतो. भिंतींवर आणि छतात खुणा ठोकलेल्या असतात, त्या रोज किती जवळ आल्या हे दुर्बिणीच्या यंत्रानं मोजतात. पहिले काही दिवस खडक थोडा सरकतोच. त्याला तेवढं सरकू द्यायचं असतं, पतंगाला ढील द्यावी तसं, म्हणजे दाब उतरतो आणि अस्तरावर कमी येतो. पण आकडे दिवसेंदिवस कमी होत गेले पाहिजेत. आज पाच मिलिमीटर, उद्या तीन, परवा एक, तर ठीक. आज पाच, उद्या सात, परवा बारा असं झालं तर माणसं बाहेर काढायची, वर विचारत बसायचं नाही. मॉडेलनं सांगितलेलं आणि प्रत्यक्ष मोजलेलं जुळलं नाही, तर मॉडेल बदलायचं. डोंगर बदलता येत नाही.

रोहतांगच्या खालून जाणारा ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा असाच सरकत सरकत झाला. दक्षिणेकडून खणताना सेरी नाल्याखालचा ५८७ मीटरचा पट्टा लागला, चुरा झालेला खडक आणि वरून अखंड पाणी. खणावं तेवढं पुन्हा वाहून येई. तिथे काम मीटरामीटरानं चालायचं, आधी पुढच्या खडकात छत्रीसारखे पाइप घालायचे, मग त्याखाली थोडंसं खणायचं. या एवढ्याशा पट्ट्यात काही वर्षं गेली. १५ ऑक्टोबर २०१७ ला दोन्ही बाजूंचे कामगार मध्यावर भेटले आणि ३ ऑक्टोबर २०२० ला बोगदा वाहतुकीला खुला झाला. आता मनालीहून निघालेले पर्यटक लाहौलच्या बर्फाचे फोटो काढायला त्यातून जातात. ताशी साठ किलोमीटरनं चाललेल्या गाडीला सेरी नाल्याखालचे ते ५८७ मीटर ओलांडायला ३५ सेकंद लागतात.